जुगाराचें घर आणि कायदा

हातांतल्या मोबाइलवर पैसे लावून खेळणें महाराष्ट्रांत कायदेशीर आहे काय, हा प्रश्न हल्लीं पुष्कळ घरांतून विचारला जातो. निव्वळ जिज्ञासेनें तो क्वचितच कोणी विचारतो. घरांतील कोणाचा तरी पगार महिन्याच्या पहिल्याच आठवड्यांत नाहींसा होऊं लागला म्हणजे तो निघतो. त्याचें सरळ उत्तर फार वर्षें मिळत नव्हतें, कारण ज्या कायद्यानें तें द्यावयाचें तो १८८७ सालचा, आणि तो रचला गेला तेव्हां रचणारांच्या डोळ्यांपुढें एक घर होतें.

तें घर कसें? दार लावलेलें, आंत पत्ते आणि फांसे, चटईभोंवतीं बसलेली मंडळी, आणि प्रत्येक डावागणिक आपला वांटा काढून घेणारा मालक. मुंबई इलाख्याच्या त्या जुगार-प्रतिबंधक कायद्याचा सारा भर अशा अड्ड्यावर होता. अड्डा चालविणारा गुन्हेगार, आंत खेळतांना सांपडलेला गुन्हेगार. झडतींत फांसे वा पत्ते मिळाले कीं तें घर अड्डाच समजावयाचें, आणि आंत असलेला इसम खेळावयासच आला होता असें गृहीत धरावयाचें. मित्राला बोलावण्यास गेलेल्या भल्या गृहस्थानें आपलें निर्दोषत्व आपणच शाबीत करावें, अशी ही कडक व्यवस्था. परंतु कडक ती केवळ घरापुरती.

दोनच वर्षांत तिला पावसानें हरविलें. मुंबईच्या व्यापारी वस्तींत पावसाचा सट्टा जोरांत होता. ठरलेल्या मुदतींत पुरेसा पाऊस पडेल कीं नाहीं, यावर पैसे लागत आणि आभाळाकडे पाहत माणसें उभीं राहत. प्रकरण उच्च न्यायालयापुढें गेलें, आणि १८८९ सालीं निर्णय झाला कीं पाऊस हा कांहीं खेळ नव्हे, सबब त्यावर पैज मारणें हें कायद्याच्या अर्थानें जुगार खेळणें नव्हे. भाषेच्या दृष्टीनें निर्णय बिनतोड होता. सरकारनें मग १८९० सालीं कायद्यांत दुरुस्ती करून पैजेचाहि जुगारांत अंतर्भाव केला. जुगार पुढें आणि कायदा मागें, ही शर्यत तेव्हांपासूनची.

पुढें तारेवरच्या भावांचा जुगार आला. न्यूयॉर्कच्या बाजारांतील कापसाचे उघडते व मिटते भाव तारेनें मुंबईस येत, आणि त्या आंकड्यांवर गिरणगांवांतला कामगार जिन्याखालीं वा पानाच्या दुकानीं पैसे लावी. ज्या कापसाचें सूत तो दिवसभर काढी, त्याच्याच परदेशच्या भावावर संध्याकाळीं त्याची मजुरी जाई. १९६१ सालीं ते भाव येणें थांबलें. पण धंदा बंद पडला नाहीं. आंकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या मडक्यांत घालून काढूं लागले, आणि त्या मडक्यानेंच या जुगाराला मटका हें नांव दिलें. मटक्याला चटई लागत नव्हती, मैफल लागत नव्हती. पोलिसांना सांपडे तो चिठ्ठी लिहिणारा एखादा पोरगा.

परंतु आजच्या प्रश्नाचें खरें मूळ मला मटक्यापेक्षां एका शब्दकोड्यांत दिसतें. १९५० नंतरच्या त्या वर्षांत बंगळूरहून ‘स्पोर्टिंग स्टार’ नांवाचें पत्र निघे. त्यांत बक्षिसांच्या शब्दकोड्यांची स्पर्धा असे. वाचकांनीं प्रवेशशुल्कासह उत्तरें धाडावयाचीं. अंकांचा मोठा खप मुंबई राज्यांत. मुंबईनें १९४८ सालीं अशा स्पर्धांवर नियंत्रण व कर बसविणारा कायदा केला होता. १९५२ सालीं तो राज्याबाहेर छापलेल्या पत्रांनाहि लागू केला. चालक म्हणाले, आमचा छापखाना म्हैसूर राज्यांत, तेव्हां मुंबईचा आमच्यावर अधिकार काय? शिवाय हा आमचा धंदा आहे आणि धंद्याचें स्वातंत्र्य घटनेनें दिलेलें आहे. मुंबईच्या उच्च न्यायालयांत ते जिंकले. सर्वोच्च न्यायालयांत मात्र, ९ एप्रिल १९५७ रोजीं, सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनीं तो निर्णय फिरविला. ऋग्वेदांतील द्यूतकाराच्या सूक्तापासून स्मृतींपर्यंतचे दाखले देऊन त्यांनीं सांगितलें कीं जुगाराला घटनेनें राखलेल्या व्यापाराचा दर्जा नाहीं. आणि खेळणारे, त्यांचे पैसे व ते गोळा करण्याची व्यवस्था हीं राज्यांत असल्यामुळें राज्याचा हात चालकापर्यंत पोंचतो. चालक एका गांवीं, खेळणारा दुसऱ्या, मध्यें टपाल: टपालाच्या जागीं मोबाइल ठेवा, कीं आजचाच खटला दिसूं लागेल.

मौज अशी कीं, हें ठरल्यावर बारा वर्षांनीं, १९६९ सालीं, महाराष्ट्र सरकारनें स्वतःची लॉटरी सुरू केली. १९७६ मध्यें कॅसिनोंना परवाने देण्याचा कायदाहि केला. तो कधींच अमलांत न येतां २०२३ सालीं रद्द झाला. असो.

चालकांना खरी पळवाट मिळाली ती १८८७ च्या कायद्याच्याच तेराव्या कलमांत. निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाहीं, असें तें म्हणतें. बुद्धिबळाच्या पटासाठीं ही सवलत योग्यच होती. १९६७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें रमीहि मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला, आणि एप्रिल २०१९ मध्यें मुंबईच्या उच्च न्यायालयानें मोबाइलवर काल्पनिक क्रिकेट संघ रचून पैसे लावणें जुगारांत मोडत नाहीं असा निर्णय दिला. संघ निवडण्यास अभ्यास लागतो, हें मी नाकारीत नाहीं. पण न्यायालयापुढील प्रश्न खेळाचा होता. पगार गमावलेल्या माणसाचा प्रश्न रकमेचा असतो, आणि त्याला आपण कौशल्यानें हरलों कीं दैवानें, हा भेद घरीं सांगून कांहीं उपयोग नसतो.

२०२५ सालीं संसदेनें तो भेदच बाजूला सारला. २२ ऑगस्ट रोजीं राष्ट्रपतींची संमति मिळालेल्या केंद्रीय कायद्यानें, पैसे मिळण्याच्या आशेनें पैसे भरून खेळावयाचा प्रत्येक ऑनलाइन खेळ, कौशल्याचा असो वा नशिबाचा, निषिद्ध ठरविला. असा खेळ चालविणारास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक कोटी रुपयांपर्यंत दंड. जाहिरात करणारास दोन वर्षें व पन्नास लाखांपर्यंत दंड. परदेशांतून भारतांत खेळ पुरविणाराहि या कक्षेंत येतो. कायद्याला लगोलग न्यायालयांत आव्हान देण्यांत आलें.

जुन्या कायद्याशीं ताडून पाहतां या नव्या कायद्यांत दोन गोष्टी निराळ्या दिसतात. चटईवर बसलेल्या खेळाडूला १८८७ चा कायदा पकडीत असे. नव्यानें खेळणाराला शिक्षाच ठेविली नाहीं. आणि घराची झडती घेण्याऐवजीं त्यानें बँकांना व पैसे पोंचविणाऱ्या संस्थांना अशा खेळांचे व्यवहार करण्यास मनाई केली आहे. घर शोधून सांपडत नाहीं, तेव्हां घराकडे जाणारी पैशाची वाटच त्यानें अडविली.