भाड्याचे घर आणि आधाराचा प्राणी: डॉक्टरांचे पत्र किती उपयोगी?
गुहागरहून पुण्या-मुंबईला गेलेले काही रुग्ण विचारतात, "डॉक्टर, माझ्या मांजराला घरात ठेवू देण्यासाठी सर्टिफिकेट द्याल का?" चिंता किंवा नैराश्यात प्राण्याचा आधार खरा असतो. पण भारतीय कायद्यात अशा प्राण्यासाठी प्रमाणपत्र किंवा नोंदणी नाही. ऑनलाइन विकत मिळणाऱ्या ओळखपत्रावर पैसे घालवू नका.

काय करता येईल?

• उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांकडून पत्र घ्या. त्यात उपचार सुरू असल्याचे आणि प्राण्याचा उपयोग होत असल्याचे लिहिलेले असावे. आजाराचे नाव घरमालकाला सांगणे बंधनकारक नाही. हे पत्र म्हणजे विनंती, हुकूम नव्हे.
• करार करण्यापूर्वीच प्राण्याविषयी सांगा आणि परवानगी करारात लिहून घ्या.
• रेबीज लसीकरणाची नोंद जवळ ठेवा.
• भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटी बहुमतानेही पाळीव प्राण्यांवर बंदी घालू शकत नाही. घरमालकाच्या अटी मात्र वेगळ्या.

प्राणी सोबत असला तरी औषधे स्वतःहून बंद करू नका. त्याला दूर ठेवावे लागल्याने त्रास वाढला, तर डॉक्टरांना भेटा किंवा टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला.