नैराश्यविरोधी औषधे आणि आकडी

नैराश्यावरील काही औषधांमुळे आकडीची सीमा खाली येते, म्हणजे मेंदूतील चेतापेशी एकाच वेळी अनियंत्रितपणे उद्दीपित होऊन झटके येणे सोपे होते. मात्र हा धोका सर्व औषधांत सारखा नसून मात्रेवर आणि सोबत घेतलेल्या पदार्थांवर पुष्कळसा अवलंबून असतो. १९५७ मध्ये रोलांड कून यांनी इमिप्रामीनचा गुण नोंदवल्यावर प्रचारात आलेल्या त्रिवलयी गटात, म्हणजे तीन वलयांची रासायनिक रचना असलेल्या औषधांत, हा धोका विशेष असून त्यातील क्लोमिप्रामीनची दैनिक मात्रा २५० मिलिग्रॅमपुढे नेत नाहीत. ब्यूप्रोपिऑनचे उदाहरण अधिक बोलके आहे: अतिभक्षणाच्या विकाराच्या रुग्णांना झटके आल्याने १९८६ मध्ये अमेरिकेत ते मागे घेतले गेले आणि १९८९ मध्ये मात्रा मर्यादित करून परत आले. दिवसाला ४५० मिलिग्रॅमपर्यंत हजारी सुमारे चार रुग्णांना झटका येतो, पण ६०० पर्यंत हे प्रमाण जवळजवळ दहापट होते.

फ्लुऑक्सेटिन, एस्सिटॅलोप्रॅम यांसारख्या सेरोटोनिनवर काम करणाऱ्या औषधांत नेहमीच्या मात्रेत धोका अल्प असतो. उपचाराविना राहिलेले नैराश्यही आकडीशी निगडित असते. त्यामुळे मिरगीच्या रुग्णाचे नैराश्य केवळ भीतीपोटी उपचाराविना ठेवणे समर्थनीय नाही. वृद्धांमध्ये मात्र सेरोटोनिनवरील ही औषधे रक्तातील सोडियम उतरवू शकतात, विशेषतः रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असताना, आणि त्यातून झटका येऊ शकतो. वेदनाशामक ट्रॅमाडॉलची जोडही धोक्याची आहे.

भारतात एस्सिटॅलोप्रॅम व चिंता शमवणारे क्लोनाझेपॅम एकाच गोळीत विकले जातात. अशी गोळी एकाएकी थांबली, तर झटका येतो तो मुख्यतः क्लोनाझेपॅम अचानक बंद झाल्यामुळे, दोष मात्र नैराश्याच्या औषधाला लागतो. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात धरणामागच्या आणि ताम्हिणीकडच्या वाड्यांना अशा गोळ्यांसाठी पौड किंवा पुणे गाठावे लागते. तेथे पाकीट संपण्याआधीच पुढच्या गोळ्यांची सोय करणे हा उपचाराचाच भाग मानावा. दारू अचानक सोडल्यानेही आकडी येते, हे औषधाला दोष देण्यापूर्वी विचारून घ्यावे.

झटका आल्यावर कांदा वा चप्पल हुंगवण्याने काही साधत नाही. रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा घालू नये आणि झटका पाच मिनिटांहून अधिक टिकल्यास १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. गोळ्यांची पाकिटे, रिकामीसुद्धा, बरोबर न्यावीत, कारण त्रिवलयी औषधाच्या अतिमात्रेत हृदयाची लय बिघडते आणि तेव्हा शिरेतून सोडियम बायकार्बोनेट द्यावे लागते.