टिळक, नारायण वामन

(६ डिसेंबर १८६१ – ९ मे १९१९). मराठी कवी व ख्रिस्ती धर्मोपदेशक. जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा, चित्पावन ब्राह्मण कुटुंबात. तारुण्यात ते नोकरी आणि गाव सतत बदलत राहिले. हा नुसता स्वभावाचा चंचलपणा नव्हता. जातिभेदापलीकडचा, देशाला उभारी देणारा धर्म ते शोधत होते. १८९३च्या सुमारास राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला. त्यातील येशूच्या गिरिप्रवचनापाशी ते थबकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या धर्मांतराची झळ पत्नी लक्ष्मीबाईंना सर्वाधिक लागली. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या परतल्या आणि १९००मध्ये स्वतःच्या निर्णयाने ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्राशिवाय टिळक पुरते कळत नाहीत.

धर्मांतराने टिळकांची भाषा बदलली नाही, हे विशेष महत्त्वाचे. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. भाषांतरित स्तोत्रांच्या जागी त्यांनी अभंग आणि भजने दिली. ख्रिस्ताला ते ‘गुरु’ व ‘माउली’ म्हणून आळवतात. मराठी चर्चमध्ये ती पदे आजही गायली जातात. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी दीर्घकाळ काम केले, ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन केले. १९१७मध्ये मिशन सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तालाही तेथे स्थान होते. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रपर काव्य लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.