‘वऱ्हाड’ नीट छापायचे तर : संगणकावरील मराठी अक्षरजुळणी आणि शब्दतोड

बुलढाणा जिल्हा ज्या प्रदेशात मोडतो, त्या वऱ्हाडाचे नावच मराठी अक्षरजुळणीची परीक्षा घेणारे आहे. या नावातील अर्धा ‘र’ डोक्यावरच्या रफाराने दाखविला जात नाही, तर पापणीसारख्या आडव्या रेघेने दाखविला जातो. हिंदीत हे चिन्ह प्रचलित नाही. त्यामुळे मराठीची गरज लक्षात न घेता तयार झालेल्या अनेक फॉन्टांत आणि कळफलकांत त्याची आबाळ झाली व ‘वऱ्हाड’चे ‘वर्हाड’ होऊन बसले. हा प्रश्न केवळ देखणेपणाचा नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. ‘आचार्यांना’ मानधन देणे वेगळे आणि ‘आचाऱ्यांना’ देणे वेगळे. छापताना रेघ चुकली, तर पैसे दुसऱ्याच्याच नावावर पडायचे.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक १८८२ मध्ये पुण्यात छापले गेले. त्या काळी शिशाचे खिळे हाताने जुळविले जात. जोडाक्षरांसाठी स्वतंत्र खिळे लागत आणि मात्रा, वेलांट्या, रफार बसविण्यासाठीही कंपोझिटरची नजर तयार असावी लागे. काम कष्टाचे होते. पण अक्षर कोठे तोडायचे आणि कोठे नाही, हा निर्णय मराठी वाचणारा माणूस घेत असे. संगणकाच्या पहिल्या पिढीने नेमका हाच निर्णय मराठी न जाणणाऱ्या यंत्राच्या हाती दिला.

इंग्रजी जागांवर बसलेली मराठी

१९९० च्या दशकात पुण्याच्या सी-डॅक संस्थेचे ‘आयएसएम’, मॉड्युलर इन्फोटेकचे ‘श्री-लिपी’ आणि ‘आकृती’ अशा प्रणालींमुळे मराठी डीटीपी तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले. या प्रणालींचे उपकार मोठे आहेत. मात्र त्यांच्या फॉन्टांत मराठी अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या व चिन्हांच्या जागी बसविलेले असत. पडद्यावर मराठी दिसे. संगणकाच्या लेखी तो असंबद्ध इंग्रजी मजकूरच असे. फॉन्ट बदलला की सारे गूढ लिपीत जाई. शिवाय अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठविली जात. म्हणजे ‘चिखली’ लिहिताना पहिली वेलांटी ‘च’च्या आधी आणि रफार मात्र अक्षराच्या नंतर.

अशा मजकुरावर पेजमेकर किंवा क्वार्कमधील इंग्रजी शब्दतोड चालू राहिली, तर यंत्र कोठेही घाव घालू शकते. ‘चिखलीतील’ हा शब्द ‘ल’नंतर तुटला की वेलांटी पुढच्या ओळीत जाते आणि वरच्या ओळीत उरतो तो ‘चिखल’! म्हणूनच जुन्या फॉन्टांत काम करताना शब्दतोड बंद ठेवणे, हाच खरा उपाय ठरतो.

एकच अक्षर, अनेक संकेत

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली. तिच्यातील देवनागरीची मांडणी ‘इस्की’ या भारतीय प्रमाणाच्या १९८८ च्या आराखड्यावर आधारलेली होती. येथे अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठविली जातात आणि वेलांटी कोठे दाखवायची, रफार कोठे चढवायचा, हे काम फॉन्ट व प्रणाली करतात. तरीही गुंता पूर्ण सुटला नाही. ‘ऱ्ह’मधील पापणी दोन मार्गांनी लिहिता येते. एक मार्ग ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडण्याचा. दुसरा मार्ग साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे न दिसणारे जोडचिन्ह टाकण्याचा. कागदावर दोन्ही सारखेच उमटतात. शोध घेणाऱ्या संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. ‘वऱ्हाडे’ किंवा ‘कऱ्हाडे’ आडनावाच्या माणसाचे नाव यादीत असूनही सापडू नये, याचे एक कारण हे असते.

‘ॲड.’ या संक्षेपाचीही तीच कथा. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत मिळाली. तोपर्यंत ‘अ’वर चंद्र चढविला जाई, कधी मध्ये अदृश्य जोडचिन्ह घातले जाई, तर कधी हिंदीतील ‘ऍ’ वापरला जाई. हे सारे प्रकार जुन्या मजकुरात एकत्र नांदताना दिसतात. (‘बुलढाणा’ आणि ‘बुलडाणा’ ही दोन रूपे छापील मजकुरात आढळतात, ती मात्र लेखनातील भिन्नता, तिचा दोष संगणकाला देता येणार नाही.)

ओळीच्या शेवटी काय?

संयोगचिन्हाचा उपयोग दोन शब्द जोडण्यासाठी, तसाच ओळीच्या शेवटी शब्द अपुरा राहिल्यास होतो, हे मराठी शाळेत शिकविले जाते. वृत्तपत्राच्या अरुंद स्तंभात त्याची गरज अधिक भासते, कारण मराठीत प्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटून येतात. ‘जिल्हाधिकाऱ्यांच्या’, ‘सिंदखेडराजामधील’, ‘अंमलबजावणीसाठी’ असे शब्द दोन्ही कडा समान राखणाऱ्या स्तंभात आले की उरलेल्या शब्दांमध्ये मोठाली भगदाडे पडतात.

शब्द यंत्राने कसा तोडावा, याची आजही वापरात असलेली पद्धत फ्रँक लियांग यांनी १९८३ मध्ये मांडली. डोनाल्ड नूथ यांच्या ‘टेक’ या अक्षरजुळणी प्रणालीसाठी ती होती. त्याच पद्धतीचे मराठीसाठीचे नियम संतोष तोट्टिंगल यांनी तयार केले. त्यांचे मर्म सोपे आहे : पूर्ण अक्षरानंतर तोडावे, हलन्तानंतर तोडू नये, अनुस्वार, विसर्ग वा वेलांटी अक्षरापासून विलग करू नये. त्यामुळे ‘पुस्तक’ हा शब्द ‘पु-स्तक’ असा तुटतो. उच्चारात तो ‘पुस्-तक’ असला, तरी लिपीत जोडाक्षर अभंग राहते.

मात्र नियमाला अर्थ कळत नाही. ‘नवरात्रातील’ हा शब्द ‘नवरा-त्रातील’ असा तुटला तर नियमभंग होत नाही. वाचक मात्र क्षणभर थबकतो. ‘जिल्हाधिकारी’ हा शब्द संधीमुळे ‘जिल्हा-धिकारी’ असाच तोडावा लागतो. अशा ठिकाणी हवे तेथेच अदृश्य संयोगचिन्ह घालून ठेवता येते. ओळ तेथे संपली तरच ते दिसते.

आज काम करणाऱ्याने दोन गोष्टी आवर्जून पाहाव्यात. मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडलेली असावी. त्यावर योग्य शब्दतोडच नव्हे, तर ज्या फॉन्टांत सोय आहे तेथे ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणेही अवलंबून असतात. या वळणांची दखल राज्य शासनाने २००९ मधील वर्णमालेविषयीच्या निर्णयात घेतली होती. इनडिझाइनमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडलेला असावा, अन्यथा जोडाक्षरे सुटी पडतात. आणि जुन्या फॉन्टांतील मजकूर युनिकोडमध्ये आणताना प्रत्येक फॉन्टची रूपांतर-सारणी वेगळी असते, म्हणून रूपांतरानंतर रफार, पहिली वेलांटी आणि ‘ऱ्य-ऱ्ह’ डोळ्यांनी तपासल्याशिवाय जुनी प्रत पुसून टाकू नये.