पाठचं भावंड

मागच्या महिन्यात आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना मी मोठ्या ऐटीत प्रोटीन पावडरचा डबा आणून दिला. त्यांची नात दीड वर्षाची. पाठचा भाऊ झाला, तिचं अंगावरचं दूध तुटलं आणि पोरगी चहा-बिस्किटावर आली. पार सुकली. आपण पडलो इंजिनियर, प्रॉब्लेम दिसला की पॅच मारायचा!

मावशी म्हणाल्या, "डबा ठेवते दादा. पण पोरीला दिवसातून चारदा भरवायला घरात असतं कोण?"

मी गप्प. रविवारी याच विषयावर वाचत बसलो, तेव्हा कळलं की ही चूक माझ्याआधी अख्ख्या जगाने करून झाली आहे.

गोष्ट गोल्ड कोस्टची, म्हणजे आजच्या घानाची. जमैकात जन्मलेल्या डॉ. सिसिली विल्यम्स तिथे १९२९ पासून सरकारी नोकरीत होत्या. एक ते चार वर्षांची मुलं तिथे हातपाय सुजून, कातडी सोलवटून मरत होती. १९३३ मध्ये बाईंनी त्यावर पेपर लिहिला. तज्ज्ञ म्हणाले, छे, हा तर आपला जुना पेलाग्रा! बाई हटल्या नाहीत. १९३५ मध्ये त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये या आजाराचं स्थानिक नावच छापलं: क्वाशिओरकोर. गा भाषेतला शब्द. अर्थ काय, तर पाठचं भावंड झालं की वरच्या मुलाला होणारा आजार. आईचं दूध तुटायचं आणि वाट्याला यायची मक्याची पेज.

आहारात प्रथिनं कमी पडत असावीत, अशी शंका बाईंनी मांडली होती. जगाने नेमकं तेवढंच उचललं. १९५५ मध्ये खास प्रोटीनसाठी आंतरराष्ट्रीय सल्लागार गट नेमला गेला. माशांची पावडर काय, तेलबियांचं पीठ काय... पुढची पंधरा-वीस वर्षं हेच चाललं.

१९६८ मध्ये हैदराबादच्या डॉ. सी. गोपालन यांनी दाखवलं की आहार सारखाच असूनही काही मुलं सुजतात, तर काहींचा नुसता हाडांचा सापळा उरतो. म्हणजे फक्त प्रथिनांकडे बोट दाखवून भागत नाही, मुळात पोटभर अन्नच मिळत नव्हतं. १९७४ मध्ये डोनाल्ड मॅक्लारेन यांनी 'लॅन्सेट'मध्येच या सगळ्या प्रकाराला 'प्रोटीनचा महाफज्जा' म्हटलं. सूज नेमकी का येते, हे कोडं आजही पुरतं सुटलेलं नाही.

सांगायचा मुद्दा असा, की गा आयांनी आजाराच्या नावातच अर्धं उत्तर देऊन ठेवलं होतं. आईला हात दोनच, आणि मांडीवर आता दुसरं बाळ. इवल्याशा पोटात एका वेळी मावतं किती? थोडं थोडं, पुन्हा पुन्हा भरवावं लागतं. त्याला अन्न लागतं, तसाच माणसाचा वेळही लागतो. आपण डबा शोधत बसतो, कारण डबा विकत मिळतो.

असो. हल्ली मावशी नातीला सोबत घेऊन येतात. आधी तिला मऊ वरण-भात, वर तुपाची धार. मग आमच्या पोळ्या, अर्धा तास उशिरा. आमचं काही बिघडलेलं नाही.