भोसले, केशवराव विठ्ठल

(9 ऑगस्ट 1890 – 4 ऑक्टोबर 1921). मराठी संगीत रंगभूमीवरील गायक-नट आणि ललितकलादर्श नाटक मंडळीचे संस्थापक. ‘संगीतसूर्य’ या बिरुदाने त्यांचे नाव आजही घेतले जाते. आयुष्य अवघे एकतीस वर्षांचे, पण रंगभूमीवरची कारकीर्द मात्र वीस वर्षांहून मोठी, कारण ती बालपणीच सुरू झाली.

केशवरावांचा जन्म कोल्हापुरातल्या एका गरीब मराठा कुटुंबात झाला. वडील लवकर वारले. आई जनाबाई यांच्यापुढे मुलांच्या पोटाचा प्रश्न होता. त्या काळी नाटक मंडळीत मुलाला ठेवणे म्हणजे त्याच्या जेवणाची, कपड्यालत्त्याची आणि गाण्याच्या तालमीची एकदम सोय. अगदी कोवळ्या वयात केशव स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत गेला. शाळा जवळपास झालीच नाही. अक्षरओळखीच्या आधी सुरांची ओळख झालेला हा मुलगा पुढे स्वतःची मंडळी काढतो, नवे नाटककार हेरतो आणि त्यांची नाटके पारखून घेतो, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्यांचे मोठेपण नीट मोजता येत नाही.

गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत शारदा’ 1899 मध्ये रंगभूमीवर आले. पैशाच्या लोभाने म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली जाणारी मुलगी, असा त्याचा जळजळीत विषय. जनुभाऊ निमकर यांच्या स्वदेशहितचिंतक मंडळीत शारदेची भूमिका कृष्णराव गोरे करीत. त्यांनी मंडळी सोडली तेव्हा निमकरांसमोर पेच उभा राहिला आणि शारदेचे लुगडे छोट्या केशवच्या अंगावर आले. खऱ्या शारदेच्याच वयाचा मुलगा शारदा झाला. आईजवळ कळवळून बोलणाऱ्या त्या मुलीची पदे त्याच्या गळ्यातून येऊ लागली आणि प्रेक्षक ‘वन्स मोअर’चा गजर करू लागले. प्रौढ नटाने उभी केलेली शारदा कौशल्याने रडवत असे. इथे रडवायला वेगळे कौशल्य लागतच नव्हते.

त्यांच्या आवाजाविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे. पाश्चात्त्य ऑपेरात पुरुषाच्या चढ्या, तेजस्वी आवाजाला ‘टेनर’ म्हणतात आणि नायकाची भूमिका बहुधा त्यालाच मिळते. आपल्याकडे अशी वर्गवारी नाही. तरी संगीत नाटकाला लागणारा पुरुषी गळा त्याच जातकुळीचा होता. ख्याल गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज साधारणपणे काळी एक, काळी दोनच्या आसपास असतो आणि स्त्रीचा काळी चार-पाचच्या घरात. स्त्रीपार्टी गायक-नटाला या दोन टोकांमधले अंतर आपल्याच गळ्याने तोडावे लागे. शिवाय ध्वनिवर्धक नव्हते. पदातला शब्द पिटातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचला नाही तर तिकिटाचे पैसे वाया गेले असे प्रेक्षक म्हणत. भाऊराव कोल्हटकरांनी किर्लोस्कर मंडळीत या पहाडी गायकीचा पाया घातला होता. 1901 मध्ये भाऊराव गेले, आणि तारसप्तकात न डगमगता उभा राहणारा तसा गळा प्रेक्षकांना पुढे केशवरावांच्या रूपाने मिळाला. स्वर टोकदार, तान जोरकस आणि फेक थेट. वय वाढल्यावर आवाज फुटतो आणि कित्येक बालनटांची कारकीर्द तिथेच संपते. केशवराव मात्र त्या वळणातून सुखरूप बाहेर आले. पुढे ग्वाल्हेर गायकीचे रामकृष्णबुवा वझे यांचा सहवास लाभला. बुवांनी मंडळीच्या नाटकांना चाली दिल्या आणि केशवरावांच्या उपजत झेपेला रागदारीची बैठक मिळाली.

1 जानेवारी 1908 रोजी हुबळी येथे त्यांनी ललितकलादर्श मंडळीची स्थापना केली. वय होते सतरा. मराठी मंडळीचा नारळ हुबळीत फुटावा यात नवल नव्हते. हुबळी-धारवाड, बेळगाव, गदग हा मुलूख मराठी संगीत नाटकाचा हक्काचा होता, आणि ‘शाकुंतल’कर्ते अण्णासाहेब किर्लोस्करही त्याच बाजूचे. सुरुवातीला जुनी, बसलेली नाटकेच होत. वीर वामनराव जोशी यांच्या ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ने मंडळीला स्वतःचा चेहरा दिला. त्यातली मृणालिनी ही केशवरावांची फार गाजलेली स्त्रीभूमिका. पुरुषभूमिकांत ‘मृच्छकटिक’मधला चारुदत्त आणि ‘मानापमान’मधला धैर्यधर विशेष नावाजले गेले. स्त्री आणि पुरुष अशा दोन्ही वेषांत तितक्याच सहजतेने वावरणारे गायक-नट त्या पिढीत फार थोडे होते.

नाटककार मामा वरेरकरांशी जुळलेले नाते हा केशवरावांच्या चालकपणाचा सर्वांत मोलाचा भाग. पौराणिक आणि ऐतिहासिक नाटकांवर मंडळ्यांचे पोट भरत असताना, पहिल्या महायुद्धाच्या काळात, त्यांनी हुंड्याच्या प्रश्नावरचे वरेरकरांचे ‘हाच मुलाचा बाप’ उचलले. 1919 मध्ये धर्मांतर आणि शुद्धी या नाजूक विषयावरचे ‘संन्याशाचा संसार’ केले. गाणाऱ्या नटाने घरातला, आजचा प्रश्न रंगमंचावर आणायचा आणि तरीही पदांची रंगत उणी पडू द्यायची नाही, अशी ही तारेवरची कसरत होती. नेपथ्याकडेही त्यांचे तितकेच लक्ष असे. चित्रकार पु. श्री. काळे यांच्याकडून त्यांनी वास्तव वाटतील असे पडदे रंगवून घेतले. मराठी रंगभूमीवर मखमली दर्शनी पडदा आणण्याचे श्रेयही त्यांनाच दिले जाते. केशवरावांचे नाव निघाले की बहुतेक लेखक त्यांच्या तानांकडे धाव घेतात आणि या कामाला दोन ओळी देऊन मोकळे होतात. माझ्या मते तान आणि पडदा एकाच ध्यासाची दोन अंगे होती. प्रेक्षकाला कानाने आणि डोळ्यांनी पुरेपूर दिले पाहिजे, हा तो ध्यास.

छत्रपती शाहू महाराजांचा त्यांच्यावर लोभ होता. महाराजांच्या इच्छेवरून त्यांनी कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात, उघड्यावर नाटकाचा प्रयोग केला. एरवी नाटकगृहाची पायरी न चढणारे हजारो लोक त्याला जमले. छप्पर नाही, भिंती नाहीत, ध्वनिवर्धक नाही. आवाजाला अडवून परत पाठवणारे काही नसताना केवळ छातीच्या जोरावर गायचे, ही त्या गळ्याची खरी कसोटी ठरली.

8 जुलै 1921 रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात झालेला ‘संयुक्त मानापमान’ म्हणजे मराठी रंगभूमीची दंतकथा. टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी गंधर्व आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या एकत्र आल्या. बालगंधर्व भामिनी झाले आणि केशवराव धैर्यधर. बालगंधर्व दोन वर्षांनी वडील, आवाज मधाळ आणि गायकी लडिवाळ. केशवरावांचा स्वर धारदार, आक्रमक. शिवाय कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या नाटकात हाच सामना आधीच रचलेला होता. गरीब पण पराक्रमी धैर्यधर आणि त्याला हिणवणारी श्रीमंताची मुलगी भामिनी, यांचे भांडण म्हणजेच ते नाटक. प्रेक्षागृहात दोन्ही बाजूंचे चाहते बाह्या सरसावून बसले होते. कोण जिंकले याचा वाद जाणत्या म्हाताऱ्यांमध्ये पुढे पन्नास वर्षे चालला. इतके मात्र निर्विवाद की गंधर्वांच्या हक्काच्या नाटकात, त्यांच्या मंडळीच्या चाहत्यांसमोर केशवराव तसूभरही उणे पडले नाहीत.

त्यानंतर तीन महिनेही उलटले नाहीत. विषमज्वराने पुण्यात त्यांचे निधन झाले. याच वर्षी, 2 ऑगस्टला, जगातला सर्वांत प्रसिद्ध टेनर एन्रिको कारुसो नेपल्समध्ये वारला होता. कारुसोचे वय अठ्ठेचाळीस होते आणि त्याच्या गाण्याच्या तबकड्या घरोघर पोचल्या होत्या. केशवरावांच्या गळ्याची साक्ष प्रामुख्याने ऐकणाऱ्यांच्या आठवणींतच उरली. त्यांच्या गायकीचा ओघ ऐकायचा तर मास्टर दीनानाथांच्या धगधगीत तानांकडे वळावे. दीनानाथ स्वतंत्र प्रतिभेचे होते, पण आक्रमक नाट्यगायनाची जी वाट केशवरावांनी रुंद केली तिच्यावरूनच ते पुढे गेले.

शाहू महाराजांनी 1915 मध्ये बांधून पूर्ण केलेल्या कोल्हापूरच्या पॅलेस थिएटरला पुढे केशवरावांचे नाव देण्यात आले. लागूनच ते खासबाग मैदान आहे. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या आदल्याच दिवशी, हे नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. जळणाऱ्या छपराकडे पाहत कोल्हापूरचे कलावंत रस्त्यावर उभे राहून रडले. वास्तू पूर्वीसारखीच उभी करण्याचे काम त्यानंतर हाती घेण्यात आले.

केशवरावांच्या मागे ललितकलादर्शची धुरा बापूराव पेंढारकरांनी उचलली आणि 1922 मध्ये वरेरकरांचेच ‘सत्तेचे गुलाम’ रंगभूमीवर आणले. 1937 मध्ये बापूराव गेले. काही वर्षांनी त्यांचे पुत्र भालचंद्र यांनी मंडळी पुन्हा उभी केली. ‘दुरितांचे तिमिर जावो’ आणि ‘पंडितराज जगन्नाथ’ ही त्यांच्या काळातली गाजलेली नाटके. ज्या मंडळीच्या संस्थापकाचा आवाज प्रामुख्याने आठवणींतच उरला, तिच्या या वारसाला, 2015 मध्ये वारलेल्या भालचंद्रांना, नेमके एक वेड होते. गिरगावच्या साहित्य संघ मंदिरात होणाऱ्या नाटकांचे आणि मैफलींचे ते ध्वनिमुद्रण करून ठेवीत. त्यांच्या घरी अशा शेकडो फिती जमल्या होत्या.