तणाचें विष आणि माणसाची सावधगिरी

शेतकऱ्याच्या शत्रूंत टोळ, गारा व अवर्षण यांचीं नांवें मोठ्यानें घेतलीं जातात. तणाचें नांव सहसा कोणी घेत नाहीं. तें मुकाट्यानें उगवतें आणि पिकाच्या तोंडचा घास मुकाट्यानें खातें. शेंकडों वर्षें त्यावर उपाय एकच होता : खुरपें घेऊन वाफ्यांत बसणें, नाहीं तर कोळपें चालवणें. त्यांत कंबर मोडे, पण जीव जात नसे. रसायनानें तण मारण्याची युक्ति सांपडली तेव्हां कंबर वांचली, आणि तिच्याबरोबर कांहीं नव्या काळज्या घरांत आल्या. आज औषधाच्या डब्यावर ज्या सूचना बारीक अक्षरांत छापलेल्या असतात, त्यांतील पुष्कळशा कोणी खुर्चीवर बसून रचलेल्या नाहींत. त्या अपघातांनीं शिकवलेल्या आहेत.

प्रारंभ फ्रान्समध्यें, आणि तोहि योगायोगानें, झाला. द्राक्षवेलींवरील केवडा रोगासाठीं तेथें मोरचूद व चुना कालवून फवारीत असत. हे थेंब रानमोहरीवर पडले कीं तिचीं पानें काळीं पडतात, ही गोष्ट ध्यानांत आली. आणि १८९६ च्या सुमारास मोरचुदाच्या पाण्यानें ओटच्या पिकांतील रानमोहरी मारतां येते, असें बॉने यांनीं दाखविलें. ओटचें पान उभें, अरुंद व मेणचट, त्यामुळें पाणी त्यावरून घरंगळतें. मोहरीचें पान पसरट व खरखरीत, त्यावर तें टिकतें. कोणाला मारावें व कोणाला राखावें हें त्या विषाला पानाच्या घडणीनेंच शिकविलें म्हणावयाचें.

जेथें अशी निवड नको होती, म्हणजे लोहमार्ग, पायवाटा, पटांगणें, तेथें सोमलाचे क्षार वापरीत. परंतु सोमलाचें पाणी शिंपडलेला पाला गुरांना खारट लागे, तीं तो आवडीनें खात आणि मरत. घरांत सांठविलेला पांढरा सोमल तर साखरेसारखा अथवा पिठासारखाच दिसे. म्हणून इंग्लंडांत १८५१ सालींच असा कायदा झाला होता कीं, किरकोळ विकावयाच्या सोमलांत काजळी अथवा नीळ मिसळलेली असावी. विषाला रंग द्यावा, ही कल्पना तेव्हांपासूनची आहे.

या भयामुळेंच पुढें सोडियम क्लोरेटचें स्वागत झालें. सोमलाच्या मानानें हें विष पुष्कळच सौम्य. त्या काळीं न्यूझीलंडांत मेंढ्यांचीं कुरणें दुभत्या गाईंकडे जात होतीं. रॅगवर्ट नांवाचें, पिवळ्या फुलांचें, युरोपांतून आलेलें तण मेंढी खुशाल खाई. गाय त्याला तोंड लावीना, आणि लावलेंच तर तिचें यकृत बिघडे. कुरणेंच्या कुरणें पिवळीं झालीं. सरकारी कृषिखात्यानें क्लोरेट फवारण्याचा सल्ला दिला, आणि तणावर तो लागूहि पडला. शेतकरी दिवसभर फवारीत व रात्रीं ओले कपडे विस्तवापुढें वाळत घालीत. १९३१ च्या ऑगस्टांत, म्हणजे तेथल्या हिवाळ्यांत, तारानाकी भागांतील एका शेतकऱ्याची विजार अशी वाळत असतां एकाएकीं स्फोट होऊन पेटली. त्यानें ती उचलून बाहेर फेंकली. तेथेंहि तिचे बार उडतच राहिले. विजार त्या वेळीं अंगांत नव्हती, एवढें त्याचें दैव!

हंसूं येण्यासारखी गोष्ट खरी. परंतु तिच्यामागचें कारण हंसण्यासारखें नव्हे. क्लोरेटांत प्राणवायु भरपूर असतो. काड्यापेटीच्या गुलांत त्याचाच एक भाऊबंद घालतात. तो सुती अथवा लोकरी कापडांत मुरला आणि पाणी उडून गेलें, कीं कापडाचीच दारू होते. मग एक ठिणगी किंवा नुसतें घर्षणहि पुरतें. फवारलेला पाला वाळला कीं त्याचीहि तीच गत. फवारणीचे कपडे निराळे ठेवावे आणि काम संपतांच भरपूर पाण्यानें धुवावे, हा नियम अशा अनुभवांतून पक्का झाला. घरगुती पुड्यांत आग मंदावणारा क्षारहि मिसळूं लागले. ब्रिटनमध्यें २०१० पासून या औषधाचा तणावर वापर बंद आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर टू-फोर-डी बाजारांत आलें. तें वनस्पतीच्या वाढीच्या रसाची नक्कल करतें. त्यामुळें रुंद पानांचें तण वेडेंवाकडें वाढून मरतें, आणि गहू, ज्वारी, ऊस टिकतात. पण कपाशी आणि द्राक्ष त्याला फार नाजूक. शेजारच्या शेतांतून वाऱ्यावर आलेला तुषारहि त्यांचीं पानें चिंबवून टाकतो. विदर्भांत अथवा नाशिककडे हें औषध मारतांना वारा पडला आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें लागतें, आणि त्याचा पंप कपाशीला लावूं नये तो नयेच.

पॅराक्वाट हें औषध १९६२ सालीं ब्रिटिश कंपनीनें विक्रीस आणलें. मातीला लागतांच तें निकामी होतें, म्हणून तें सुरक्षित मानलें गेलें. परंतु उरलेलें औषध लोकांनीं सरबताच्या बाटल्यांत ओतून ठेवलें. तपकिरी रंगामुळें तें पेय भासलें, आणि लहानमोठ्यांनीं तें तोंडाला लावलें. एखादा घोटहि प्राण घेण्यास पुरतो. फुप्फुसें हळूहळू निकामी होतात, रोगी शुद्धीवर असतो, आणि त्यावर उतारा नाहीं. तेव्हां पुढें कंपनीनें त्यांत निळा रंग, उग्र दुर्गंध व वांतीचें औषध घातलें. काजळी व निळीची जुनी युक्ति शंभर वर्षांनीं पुन्हां कामास आली.

भारतांत १९६८ चा कायदा व १९७१ चे नियम यांनीं डब्यावर शंकरपाळ्याच्या आकाराची खूण सक्तीची केली. तिच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग पाहावा : तांबडा म्हणजे अतिजहाल, मग पिवळा, निळा, आणि सर्वांत सौम्य तो हिरवा. अक्षर न येणाऱ्या गड्यालाहि ही खूण वाचतां येते. मात्र ती डब्यावर असते, औषधांत नव्हे. दुसऱ्या बाटलींत ओतलेल्या औषधाबरोबर ती जात नाहीं. म्हणूनच रिकामा डबा घरांत न वापरतां फोडून वस्तीपासून दूर पुरावा, असेंहि त्याच नियमांत सांगितलें आहे.